बर्ड ऑफ पॅराडाइजला फूल येत नाही? आधी त्याला केळीसारखं वागवणं थांबवा

आधी लक्षणं बघा. तुमचं झाड यातल्या एखाद्या ओळीत बसत असेल तरच पुढचं वाचा.

– झाड तीन-चार वर्षांचं, कमरेएवढं, पानं दणकट आणि हिरवीगार, पण फूल एकही नाही.
– एका हिवाळ्यात चार-पाच फुलं आली, त्यानंतर दोन वर्षं काहीच नाही.
– एप्रिल लागला की पानांच्या कडा तपकिरी, टोकं जळाल्यासारखी.
– पान सुरळीसारखं आत वळतं, आणि गंमत म्हणजे माती ओली असते.
– नवीन पान पिवळट निघतं, शिरा तेवढ्या हिरव्या.
– चोचीसारखं बोंड येतं, पण फूल आतच अडकून वाळतं.

पान कडेपासून मधल्या शिरेपर्यंत फाटणं मी यात धरलेलं नाही. ती तक्रार घेऊन माझ्याकडे सगळ्यात जास्त लोक येतात, पण तो रोग नाही. वाऱ्याने केळीचं पान फाटतं तसंच हेही फाटतं. फाटलेलं पान कापू नका. का, ते पुढे येईल.

मी जळगावात गेली चौदा वर्षं बंगल्यांच्या आणि फार्महाऊसच्या बागा सांभाळतो. भुसावळ, चोपडा, धुळ्यापर्यंत फेऱ्या असतात. या झाडाबद्दल फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं: "भाऊ, याले फूलच येत नई." आणि दहातल्या सात-आठ ठिकाणी झाडाला काहीच झालेलं नसतं. दोष आपल्या सवयीचा असतो. आपल्या भागात पोरगं चालायला लागलं की केळीच्या बागेत फिरायला लागतं. त्यामुळे केळीसारखं पान दिसलं की हात आपोआप केळीचीच कामं करतात: पिलं काढ, युरिया टाक, ठिबक सोड, बुंध्याला माती लाव. नातं खरं आहे. केळी, हळद, आलं, कर्दळ आणि बर्ड ऑफ पॅराडाइज ही सगळी वनस्पतीशास्त्रात एकाच गणात येतात. पण कुळं वेगळी आणि स्वभाव तर अगदीच वेगळे. केळीचं खोड एक घड देऊन संपतं. हे झाड पंचवीस-तीस वर्षं त्याच जागी बसून फुलत राहतं, आणि त्याला छेडलेलं आवडत नाही.

आता तपासणी. फुकटातल्या गोष्टी आधी, खर्चाच्या आणि कष्टाच्या नंतर. क्रम मोडू नका. लोक थेट खताच्या दुकानात जातात, तिथूनच घोळ सुरू होतो.

१. झाड नक्की तेच आहे का?

खर्च शून्य, आणि निम्मी प्रकरणं इथेच मिटतात. 'बर्ड ऑफ पॅराडाइज' या नावाने आपल्याकडे निदान चार वेगळी झाडं विकली जातात.

नारिंगी पाकळ्या, मधे निळा बाण, पक्ष्याच्या डोक्यासारखं दिसणारं फूल म्हणजे स्ट्रेलित्झिया रेजिनी. रोपावर चिकटवलेला फोटो बहुतेक वेळा याचाच असतो. याला वर वाढणारं खोड नसतं. पानं थेट जमिनीतून, दोन ओळींत, हातपंख्यासारखी निघतात. देठ कडक, पान जाड, मागची बाजू राखाडी-निळसर. उंची साधारण साडेतीन ते पाच फूट.

पानं मोठी, चकचकीत, केळीला लाजवतील अशी असतील आणि दोन वर्षांत झाड डोक्याच्या वर गेलं असेल, तर ती स्ट्रेलित्झिया निकोलाय, बाजारात 'व्हाइट बर्ड'. हॉलच्या कोपऱ्यात ठेवायची सध्या फॅशन आहे. तिचं खोड लाकडासारखं होतं, उंची २० ते २५ फुटांपर्यंत जाते, फूल पांढरं आणि जीभ निळी. पण फूल येतं ते झाड पुरतं मोठं झाल्यावर, उघड्यावर, बऱ्याच वर्षांनी. हॉलमधल्या कुंडीत तिच्याकडून फुलाची अपेक्षा ठेवू नका, पानांसाठी ठेवा. जळगावातल्या एका डॉक्टरसाहेबांनी एसीच्या खोलीतल्या अशा झाडाला तीन वर्षं फुलांचं टॉनिक पाजलं होतं. झाड छताला टेकलं, एवढाच फायदा.

या वंशात एकूण पाचच जाती आहेत आणि पाचही दक्षिण आफ्रिकेच्या बाजूच्या. तिसरी जन्सिया. तिला मोठेपणी पानाचं पातंच राहत नाही, नुसत्या बोरूसारख्या काड्या उभ्या असतात. फूल मात्र रेजिनीसारखंच नारिंगी-निळं. पाण्याच्या ताणाला ती सगळ्यात चिवट, पण आपल्याकडे क्वचित मिळते. एका ग्राहकाने मागवलेल्या जन्सियाच्या रोपाला सुरुवातीला लहान पाती होती. मग नवीन देठ बिनपात्याचे यायला लागले तसा तो घाबरला आणि झाड मरतंय म्हणून उपटायला निघाला होता. आल्बाचं फूल पूर्ण पांढरं, निळ्याचा मागमूस नाही. कॉडाटा डोंगराळ भागातली. या दोन्ही झाडासारख्या उंच वाढतात, पण मी त्या इकडे कुणाच्या बागेत पाहिलेल्या नाहीत. रेजिनीमध्येच एक पिवळ्या फुलाचा वाण आहे. केपटाऊनच्या कर्स्टनबॉश उद्यानात तो तयार झाला आणि पुढे त्याला नेल्सन मंडेलांचं नाव दिलं गेलं. तो कुठे मिळाला तर फूल नारिंगी नाही म्हणून दुकानदाराशी भांडू नका.

आता तोतये. हेलिकोनिया हा पहिला. फुलाला तशीच चोच असते, पण रंग लाल-पिवळा आणि निळा बाण नाही. ओळखायची सोपी खूण म्हणजे खोड दाबून बघा. केळीसारखं एकात एक गुंडाळलेल्या पानांचं, मऊसर लागलं तर ती हेलिकोनिया. तिला सावली आणि पाणी दोन्ही जास्त लागतं, म्हणून खालचे सल्ले तिला लावू नका. दुसरा म्हणजे आपला शंकासूर. लाल-पिवळी फुलं, चिंचेसारखी बारीक पानं. परदेशी पुस्तकांत त्यालाही बर्ड ऑफ पॅराडाइजच म्हणतात, त्यामुळे ऑनलाइन बी मागवणारे हमखास फसतात. बी आल्यावरच बघा: स्ट्रेलित्झियाचं बी वाटाण्याएवढं, काळं आणि त्याला भडक नारिंगी केसांचा झुपका असतो. चपटं, तपकिरी, शेंगेतलं बी निघालं तर तो शंकासूर. निळं आवरण असलेलं बी ट्रॅव्हलर्स पामचं.

२. वय किती, आणि ते रोप बियाचं की फुटव्याचं?

बियापासून केलेलं रेजिनीचं रोप फुलायला चार-पाच वर्षं घेतं, कधी जास्तही. मोठ्या झाडाचा फुटवा वेगळा करून लावलेला असेल तर दोन वर्षांत फुलू शकतो. नर्सरीत दीडशे रुपयांना मिळणारं वीतभर रोप बहुतेक बियाचं असतं. ते लावून दोनच वर्षं झाली असतील तर तुमची तक्रार अजून सुरूच झालेली नाही. थांबा.

महिनाही बघा. आपल्याकडे याचा बहर मुख्यतः हिवाळ्याचा. उन्हाच्या तडाख्यात पानाच्या बगलेतली कोवळी कळी आतल्या आत वाळते, बाहेर काही दिसतही नाही. मे महिन्यात फूल नाही म्हणून फोन करू नका, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

३. तुम्ही पिलं आणि पानं कापता का?

चोपड्याकडच्या एका फार्महाऊसवर कंपाउंडला लागून बावीस ठोंब होते. सहा वर्षांचे. मालक आप्पा जुने केळीवाले, पिलबाग ठेवण्यात हात बसलेला. मी खाली वाकून बघितलं तर प्रत्येक ठोंबाभोवती कोयत्याने साफ छाटलेल्या खुंट्या, काही ताज्या, काही काळ्या पडलेल्या. दर महिन्याला सालदार येऊन "पिलं काढून" जात होता. आप्पांचं म्हणणं, मुख्य झाडाचं खाणं पिलं ओढतात.

केळीत ते बरोबर आहे, तिथे घड एकच पोसायचा असतो. इथे उलट. या झाडाला फूल पानाच्या बगलेतून येतं. जितके फुटवे तितकी पानं, जितकी पानं तितक्या फुलांच्या जागा. ठोंब भरगच्च झाला, मुळं एकमेकांत अडकली की मग ते फुलायला लागतं, आणि फुलंही जास्त करून बाहेरच्या कडेच्या फुटव्यांवर येतात. म्हणजे आप्पा दर महिन्याला फुलंच छाटत होते. मी काहीही न करण्याचे पैसे घेतले नाहीत, फक्त कोयता बंद करायला लावला. दुसऱ्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला की सव्वीस दांडे मोजले.

म्हणून हिरवं पान, फाटलेलं असलं तरी, कापायचं नाही. पूर्ण वाळलेलं पान मात्र देठासकट बुडातून काढा, नाहीतर तिथे पिठ्या ढेकूण घर करतो.

४. ऊन

दिवसाचं निदान पाच-सहा तास ऊन मिळालं नाही तर पानं सुंदर होतील आणि फुलं येणार नाहीत. आंब्याखाली, निंबाखाली लावलेल्या झाडांची हीच कथा. पण पुस्तकात लिहिलेलं 'भरपूर ऊन' हे समुद्राकाठच्या हवेतलं ऊन आहे. भुसावळला पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं झाड भाजून निघणारच. पूर्वेची जागा सगळ्यात चांगली. ती नसेल तर १ एप्रिल ते मृगापर्यंत दुपारनंतर ५० टक्क्यांची शेडनेट बांधा, आणि पाऊस पडला की काढा. ती तशीच वर्षभर राहून गेली म्हणून फुलं गेली, असंही मी पाहिलंय.

गच्चीवर काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत असेल तर कुंडीला हात लावून बघा. दुपारी तीनला चटका बसतो ना? तोच आत मुळांना बसतो. कुंडीखाली दोन विटा द्या, बाजूने पोतं गुंडाळा. कडा जळण्याचं निम्मं कारण तिथे मिटतं.

५. पाणी: बोट घालून बघा

पान आत वळणं फसवं असतं. तहानलेलं झाडही पान वळवतं आणि कुजलेल्या मुळांचं झाडही, कारण दोघांनाही पाणी मिळत नसतं. म्हणून पाइप उचलण्याआधी बोट दोन पेरं मातीत घाला. कोरडं असेल तर पाणी द्या, संध्याकाळपर्यंत पान उघडेल. ओलं असूनही पान वळलेलं असेल तर पाणी ताबडतोब बंद करा आणि थेट आठव्या मुद्द्याकडे जा.

आपली काळी माती पाणी धरून बसते. वरून भेगा दिसतात, खाली चिखल असतो. ठिबकवर असेल तर केळीच्या लॅटरलवरून हे झाड काढाच, केळीचं पाणी त्याला झेपत नाही. मोठ्या ठोंबाला उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा भरपूर, हिवाळ्यात आठ-दहा दिवसांनी एकदा, पावसाळ्यात काहीच नाही. कुंडीला अर्थातच जास्त वेळा लागेल, पण तिथेही बोटाला विचारूनच.

६. बुंध्यावरची माती खुरप्याने काढा

भुसावळच्या एका काकू दर दसऱ्याला न चुकता घमेलंभर शेणखत थेट ठोंबाच्या मधोमध ओतायच्या. नऊ वर्षं. मी खुरपं घालून हलक्या हाताने उकरायला लागलो तर चार बोटांवर जुन्या देठांचे काळे धागे लागले, मग गांडुळं, मग कुठे मुळांच्या वरची मान सापडली. ती पांढुरकी, घामेजलेली. फुटवे वर यायला धडपडत होते आणि काकू दरवर्षी वरून आणखी घालत होत्या. कडेकडेने माती ओढून मान उघडी केली, एवढंच काम. खत बंद नाही केलं, जागा बदलली: बुंध्यापासून वीतभर लांब, गोल आळं करून.

केळीला माती लावतात तशी याला लावायची नसते. मान जमिनीच्या पातळीला हवी. खोल गेलेलं झाड जगतं, पण फुलत नाही.

७. आता पैसे खर्च करायला हरकत नाही

तरीही फूल नसेल तर खताची पिशवी बघा. युरिया असेल तर बंद. नत्र जास्त झालं की झाड पानांतच खूश असतं. मी मोठ्या ठोंबाला जूनमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये दोन-दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड देतो. ऑक्टोबरच्या हप्त्यात थोडं पोटॅश. यापेक्षा जास्त लाड नाहीत.

नवीन पान पिवळं आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडतंय. जमिनीत लोह असतं, पण सामू (पीएच) आठच्या आसपास गेला आणि चुनखडी असली की मुळांना ते उचलता येत नाही. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह मिळतं. विचारून ईडीडीएचए प्रकारचं घ्या. ईडीटीएवालं स्वस्त पडतं, पण चुनखडीच्या जमिनीत फार टिकत नाही. प्रमाण पुड्यावर असतं तेवढंच. पिवळेपणा जुन्या, खालच्या पानांवर असेल तर मात्र लोह नाही, बहुधा पाणी जास्त झालंय.

टोकं जळतात आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसतो? बोअरच्या पाण्यातले क्षार. कुंडीच्या तिप्पट पाणी एकदम ओतून ते खालून वाहून जाऊ द्या. शक्य असेल तर पागोळीचं पाणी साठवा. एका पावसाळ्यात नवीन पानं स्वच्छ निघतात. जळालेली टोकं काही परत हिरवी होत नाहीत, तेव्हा त्यांच्याकडे बघून औषध मारत बसू नका. "करपा आला" म्हणून बुरशीनाशकाच्या तीन-तीन फवारण्या झालेली झाडं मी पाहिलीत. केळीच्या करप्याचे ठिपके पानभर असतात, हे नुसतं कडेला असतं.

पानामागे मधल्या शिरेला तपकिरी पुळ्या किंवा कापसासारखं काही, आणि देठावर मुंग्यांची रांग दिसली तर खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण. साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून पुसा. दहा पानांसाठी पंप काढू नका. जास्त असेल तर लिटरला पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण, तेही सूर्य मावळल्यावर. भर उन्हात तेल मारलं तर पान भाजतं, हे मी स्वतःच्या झाडावर शिकलोय.

बोंडात फूल अडकण्याचा उपाय मात्र मजेशीर आहे. एका बोंडात चार ते सहा फुलं असतात, एकामागून एक बाहेर येतात. त्यांना मध इतका सुटतो की कोरड्या हवेत तो डिंकासारखा चिकटतो. ओल्या फडक्याने बोंड दहा मिनिटं गुंडाळून ठेवा, मग वरची फट अंगठ्याने अलगद उघडून आतलं फूल वर ओढा. हारवाले, बुकेवाले हेच करतात. दांडा फुलदाणीत असेल तर बोंड कोमट पाण्यात बुडवा, काम आणखी सोपं.

८. शेवटी मुळं

माती ओली असूनही पान वळलेलं किंवा झाड मलूल असेल तरच मुळं बघा. कारण हे काम झाडाला दुखवतं. आठ वर्षांपूर्वी एका ग्राहकाच्या आग्रहापुढे मी मान तुकवली आणि उत्तम फुलणारा ठोंब मे महिन्यात फोडून चार केले. एक गेला, बाकी तीन दोन वर्षं मुके बसले. तेव्हापासून ठोंब फोडायचा तर पावसाळ्याच्या सुरुवातीलाच, आणि एका तुकड्यात निदान तीन-चार फुटवे ठेवूनच. वरच्या लक्षणांतलं 'एकदा फुलं आली, मग गायब' हे बहुतेक वेळा अशा फोडणीचंच असतं.

कडेने एक फूट लांब चर घेऊन बघा. निरोगी मूळ बोटाएवढं जाड, रताळ्यासारखं घट्ट असतं. तपकिरी, दाबलं की साल हातात येणारं मूळ कुजलेलं. थोडीच कुजली असतील तर तेवढी धारदार चाकूने कापा, जखमा सावलीत दोन दिवस वाळू द्या, आणि जागा उंच करून मुरूम, वाळू, शेणखत मिसळून पुन्हा बसवा. निचरा झाला नाही तर बाकी सगळं वाया.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

बुंधा दाबल्यावर मऊ लागतो आणि आंबूस वास येतो, किंवा ओळीतली दोन-तीन झाडं महिन्याभरात एकापाठोपाठ मलूल होतात, तर घरचे उपाय बंद. ही बुरशीची किंवा जिवाणूची मर असू शकते आणि डोळ्यांनी ती ओळखता येत नाही, मलाही नाही. तेच खुरपं, तीच माती केळीच्या बागेत नेऊ नका. पाल किंवा ममुराबादच्या कृषी विज्ञान केंद्रात नमुना दाखवा. धुळे-नंदुरबारवाल्यांनी आपापल्या जिल्ह्याच्या केंद्रात.

निकोलाय वाढून विजेच्या तारेजवळ गेली असेल तर कोयता हातात घेऊ नका, वीज कंपनीच्या माणसाला बोलवा. तिने कंपाउंडची भिंत फोडली असेल, तर आधी गवंडी, मग माळी. दहा-बारा वर्षांचा रेजिनीचा ठोंब हलवायचा असेल तरीही एकट्याने पहार लावू नका. त्याला चार माणसं लागतात, आणि कंबर गेली तर डॉक्टर महाग पडतो. घरात लहान मुलं, कुत्रं असेल आणि कुणी आंतरप्रवाही (झाडाच्या रसात भिनणारं) कीटकनाशक घालायला सांगत असेल, तर कृषी अधिकाऱ्याला विचारल्याशिवाय नाही.

नमुना नेताना कुजलेलं आणि चांगलं, दोन्ही मुळं घ्या, सोबत मूठभर माती. कागदात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही, नाहीतर पोचेपर्यंत सगळंच कुजतं. झाडाचा लांबून एक आणि बुंध्याचा जवळून एक फोटो काढून ठेवा. आणि गेल्या सहा महिन्यांत काय काय घातलं ते खरं सांगा, युरियासकट.